आधी पाण्याचा हिशेब, मग पेव्हर ब्लॉक

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही थेट निवडून आलेल्या सरपंच, पहिलीच खेप. गावाची लोकसंख्या २,१००, घरं ४३०, शिवार कोरडवाहू. वित्त आयोगाचे वर्षाला ११-१२ लाख येतात. पाणीपट्टी वर्षाला ३६० रुपये आणि तिची वसुली ३० टक्क्यांच्या पुढे जात नाही. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, कारण एक तर मोटर जळते, नाहीतर बिल थकून वीज तुटते. पाच सदस्य दुसऱ्या पॅनेलचे आहेत आणि यंदाचा सगळा अबंधित (कशावर खर्चायचा याची अट नसलेला) निधी देवळासमोरच्या पेव्हर ब्लॉकला लावा म्हणून अडून बसलेत. तुम्ही विचारलंय, 'हा पैसा कसा खर्च केला तर गावाचं टिकाऊ भलं होईल, आणि उद्या माझ्यावर बालंट येणार नाही?'

मी २८ वर्षं ग्रामसेवक आणि नंतर ग्रामविकास अधिकारी म्हणून काम केलं. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. निवृत्तीनंतर सरपंच-सदस्यांच्या प्रशिक्षणांना जातो. तुमच्यासारखा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात निघतो, आणि तो नेहमी 'आलेले पैसे कुठे लावू' अशाच शब्दांत विचारला जातो. माझ्या मते तुमची खरी अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे. गावात आजवर जे बांधलं ते चालवायला गावाकडे स्वतःचा पैसा उभा राहिलेला नाही. तो उभा राहत नाही तोवर आलेला प्रत्येक रुपया नवी वस्तू उभी करेल आणि तिच्याबरोबर देखभालीचा नवा बोजाही आणेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगतो. तुमचं गाव पेसा (आदिवासी अनुसूचित) क्षेत्रात असेल तर ग्रामसभेचा वेगळा कोष आणि त्यात येणारा ५ टक्के अबंध निधी, हे सगळं निराळं गणित आहे. गावालगत औद्योगिक वसाहत किंवा पवनचक्क्या असतील तर कराचं उत्पन्नच दसपट असू शकतं. पाण्याचा स्रोत उन्हाळ्यात आटणारा असेल तर नुसती मोटर बदलून भागणार नाही. तुमच्या लिहिण्यावरून मी धरून चालतो की गाव साधं, बिगर-पेसा आहे आणि विहिरीला पाणी आहे. वित्त आयोग दर पाच वर्षांनी बदलतो, त्याबरोबर टक्केवाऱ्या बदलतात. तेव्हा मी सांगतो ते आकडे चालू शासन निर्णयाशी ताडून घ्या. पद्धत मात्र तीच राहते.

आता पैशाची फोड. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये ठेवले. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. त्या काळासाठी या पैशातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण तोही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही.

तुमच्या १२ लाखांना हे लावून बघा. ७ लाख २० हजार बंधित, त्यात ३ लाख ६० हजार पाण्याचे. अबंधित फक्त ४ लाख ८० हजार. तुमच्या मासिक सभेत भांडण चाललंय ते या ४ लाख ८० हजारांवरून, आणि पाण्यासाठी दर वर्षी बाजूला काढून ठेवलेल्या ३ लाख ६० हजारांबद्दल कुणी बोलत नाही. मी अशा किती सभांना बसलोय! बंधित निधीचा विषय आला की 'तो ग्रामसेवक बघतील' म्हणून सगळे पुढच्या विषयाला लागतात. तुम्ही तिथंच थांबा. गेल्या तीन वर्षांत पाण्याच्या बंधित निधीतून काय काय झालं, याची कामनिहाय यादी मागा. यादी द्यायला कुणी टाळाटाळ केली तर आपलं पहिलं काम कोणतं ते तुम्हाला कळलंच.

वित्त आयोगाचा पैसा हे अनुदान आहे. तो पाहुण्यासारखा, अटी घेऊन येतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये ज्याला ग्रामनिधी म्हटलंय, त्यातली घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं ही गावाची स्वतःची मिळकत. तिच्यावर दिल्ली-मुंबईच्या अटी कमी आहेत. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. त्यात हात आखडू नका, लेखापरीक्षणात सर्वात जास्त आक्षेप मी याच खर्चावर पाहिलेत. बाकीचं गावाच्या हातात.

माझ्याच सहीनं झालेलं एक काम सांगतो. एका गावात आम्ही शुद्ध पाण्याचं आरओ यंत्र बसवलं. नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरायचा. उद्घाटनाला मोठी गर्दी, फोटो, सगळं झालं. मी कामाची नस्ती (फाइल) तयार करताना अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, दरपत्रकं, सगळे कागद चोख लावले होते. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. तिसऱ्या वर्षी यंत्राचं मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायची वेळ आली, आणि त्यासाठीचा पैसा कुठल्याच खात्यात नव्हता. नाण्यांची पेटी रोज कोण उघडतं, ते पैसे कुठे जमा होतात, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावाला गेलो तेव्हा पत्र्याच्या त्या खोलीत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, आणि नळाच्या तोटीला शेळीचं दावं बांधलेलं होतं. कागदावर ते काम आजही 'पूर्ण' आहे. खर्च नियमात बसला म्हणजे कारभार चांगला झाला, ही समजूत माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेली.

त्यानंतर मी कुठल्याही कामाच्या ठरावाआधी तीन गोष्टी लिहून घ्यायला लागलो: हे चालवायला वर्षाला किती लागेल, ते पैसे कुठल्या खात्यातून येतील, आणि रोज सकाळी तिथं जाणारा माणूस कोण. तिन्हींची उत्तरं ठरावात नसतील तर काम पुढच्या सभेवर. यानं कामं रेंगाळली, शिव्याही खाल्ल्या. पण झालेली कामं चालू राहिली.

तुमच्या पाणी योजनेला हे लावून दाखवतो. आकडे मी धरलेत, तुम्ही तुमच्या बिलावरून दुरुस्त करा. साडेसात अश्वशक्तीची मोटर रोज ६ तास चालली तर दिवसाला साधारण ३३-३४ युनिट, महिन्याला १,००० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाचं वीजबिल ८४,०००. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला महिना ७,००० म्हणजे वर्षाला आणखी ८४,०००. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि पाणी तपासणी २०,०००. मोटरचं रिवायंडिंग, स्टार्टर, केबल मिळून ४०,०००. पाइपलाइनची गळती आणि व्हॉल्व्ह ३०,०००. आणि पाच-सहा वर्षांनी मोटर बदलायची म्हणून दर वर्षी बाजूला टाकायचे ३०,०००. बेरीज २ लाख ८८ हजार.

आता जमा बघा. ४३० घरांना ३६० रुपयांप्रमाणे मागणी १,५४,८०० रुपये. तिच्या ३० टक्के वसुली म्हणजे ४६,४४०. वर्षाला लागतात २ लाख ८८ हजार, जमतात साडेसेहेचाळीस हजार. मोटर जळते यात आश्चर्य काय? स्टार्टर दुरुस्त करायला पैसे नसले की कर्मचारी डायरेक्ट जोडून मोटर चालू करतो, आणि महिन्याभरात वाइंडिंग जातं. त्याला बोल लावून उपयोग नाही. अनुदानातून वीजबिल भागवायची मुभा मधूनमधून मिळते. अडचणीत एखाद-दोनदा वापरा, पण त्याची सवय लागली की गाव स्वतःच्या पाण्याचे पैसे भरायचं कायमचं विसरतं, आणि नव्या कामांचा निधी बिलात जिरतो.

४३० पैकी ८० टक्के घरं नियमित भरतील असं धरलं तर ही योजना चालवायला घरटी वर्षाला सुमारे ८४० रुपये लागतात, म्हणजे महिन्याला ७०. आज तुम्ही महिन्याला ३० मागताय आणि तेही तीनातल्या दोन घरांकडून येत नाहीत. हा एक तक्ता मोठ्या कागदावर लिहून ग्रामसभेत लावा. दर वाढवायचा ठराव त्याच दिवशी आणू नका. लोकांना आधी हिशेब वाचू द्या. महिलासभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती कागदावर न उरकता खरंच घ्या आणि हा तक्ता तिथं पहिल्यांदा दाखवा. चार दिवसांआड येणारं पाणी भरायला पहाटे उठतात त्या बायका. रोज पाणी मिळणार असेल तर ७० रुपये जड आहेत की हलके, याचं उत्तर त्यांच्याकडून लगेच मिळतं. एका गावात एक आजी उठून म्हणाली होती, 'टँकरवाल्याला ड्रमाचे पन्नास देतो, ते कुणाच्या खात्यात लिवता?' त्या एका प्रश्नानं जे झालं ते माझ्या तासाभराच्या भाषणानं झालं नसतं.

वसुलीवर थोडा जास्त बोलतो, कारण सगळ्याची किल्ली तिथं आहे. ३० टक्के वसुली म्हणजे लोक बुडवे, असा निष्कर्ष घाईनं काढू नका. नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही उघडा आणि एक गल्ली घरोघर ताडून बघा. मी जिथं जिथं हे केलं तिथं हेच निघालं: वारलेल्या माणसाच्या नावावर मागणी, दोन भावांची वाटणी झाली पण नोंद एकच, पडलेल्या घरावर कर चालू आणि नव्या दुमजली घराची नोंदच नाही. ज्याला शेजाऱ्याच्या बंगल्याची आकारणी आपल्या पत्र्याइतकीच दिसते, तो कर का भरेल? आधी आकारणी न्याय्य करा, मग नमुना ९ ची मागणी काढा. पैसे हातात आले की नमुना १० ची पावती तिथल्या तिथं. 'नंतर नेऊन देतो' म्हटलेल्या पावत्यांनी मी चांगल्या माणसांना निलंबित होताना पाहिलंय.

वेळ साधा. मार्चअखेर म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये दारोदार फिरायची आपली पद्धत आहे. कोरडवाहू गावात सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. मार्चपर्यंत तो उसनवारी, लग्नं आणि शाळेच्या फीमध्ये संपलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाडीवस्तीवर बसून वसुलीची शिबिरं घ्या. जुन्या थकबाकीसाठी लोकअदालतीचा मार्ग आहे, हप्ते बांधून द्या. विधवा, परित्यक्ता, खरंच हातावर पोट असलेली घरं यांची यादी ग्रामसभेसमोर ठेवून त्यांच्यासाठी हप्त्यांची सोय करा. एक गोष्ट मात्र करू नका. कर थकला म्हणून रहिवासी किंवा जन्माचा दाखला अडवण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. दाखला हा लोकांचा हक्क आहे, २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं त्याला मुदत घालून दिली आहे. तो अडवून मिळवलेला कर पुढच्या वर्षी परत थकतो, आणि माणूस ग्रामपंचायतीची पायरी चढायचं सोडतो.

आणि सुरुवात स्वतःपासून. मागणीचं बिल मिळाल्यापासून ३ महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो, हे अधिनियमात कलम १४ मध्येच आहे. सरपंच म्हणून तुमचा, तुमच्या सासरच्या सगळ्या घरांचा आणि तुमच्या पॅनेलच्या लोकांचा कर आधी भरा आणि त्या पावत्या सूचना फलकावर लावा. मग विरोधी सदस्यांना काही सांगावंच लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथं कर भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण मोफत, अशी सोय झाली. लोक गिरणीचं कौतुक करतात. मी प्रशिक्षणात त्याची दुसरी बाजू सांगतो: कर दिला की काय मिळतं ते तिथल्या बाईला रोज पिठाच्या डब्यात दिसत होतं. तुम्ही गिरणी घालावी असं म्हणत नाही. तुमच्या गावात ते रोजच्या पाण्यात दिसू शकतं. पाणीपट्टीचं खातं वेगळं ठेवा आणि दर महिन्याच्या ५ तारखेला त्यातली जमा, खर्च आणि शिल्लक खडूनं फळ्यावर लिहा. तीनच ओळी. व्हॉट्सअॅपच्या गटावर टाका, पण फळाही लिहा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनाच पाण्याची वाट जास्त बघावी लागते.

दुसरं उदाहरण हिवरे बाजारचं. पोपटराव पवारांच्या गावात दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा निर्बंध गावानं स्वतःवर घालून घेतला. तिथं पाणलोटाची कामं सरकारी योजनांमधूनच झाली, तशीच ती शेकडो गावांत झाली. इतर गावांत बंधारे गाळानं भरले आणि वरच्या अंगाला बोअर वाढले. हिवरे बाजारनं कामानंतरचा नियम पाळला, म्हणून तिथलं पाणी टिकलं. तुमच्या बंधित निधीतून विहिरीचं पुनर्भरण करणार असाल तर तिच्या आसपास नवे बोअर घ्यायचे की नाही, याची चर्चा ग्रामसभेत आधी करा. ती अवघड असते. दोन-तीन सभा जातील. तरी करा.

आता बालंटाचा प्रश्न. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी पोर्टलांवरून जातात, आणि प्रत्येक देयकाला दोन डिजिटल सह्या लागतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची आणि तुमची. म्हणजे डिजिटल सहीचा तुमचा डोंगल ही तुमची सही आहे. मी बहुतेक गावांत काय पाहतो? दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. नाहीतर सरपंचबाईंचा डोंगल त्यांच्या यजमानांच्या खिशात. ताई, डोंगल तुमच्या पर्समध्ये राहू द्या. परिचालक कितीही भला असो, पासवर्ड तुम्हीच बदला आणि देयक जाताना समोर बसा. चुकीचं देयक गेलं तर वसुलीची नोटीस तुमच्या नावानं निघते, परिचालकाच्या किंवा यजमानांच्या नाही.

समोर बसल्यावर काय बघायचं तेही सांगतो. काम गावाच्या विकास आराखड्यात आहे का, ते पहिलं. आराखड्यात नसलेलं काम पोर्टलवर देयकापर्यंत पोचतच नाही, आणि मग दुसऱ्याच कामाच्या नावानं पैसे काढायचा मोह होतो. 'बिल फक्त नाव बदलून काढू, काम तर झालंय ना' हे वाक्य ऐकलं की तिथंच उठा. मग तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, अभियंत्यानं भरलेली मोजमाप पुस्तिका, आणि कामाआधीचे, चालू असतानाचे व नंतरचे फोटो. शेवटी तीन दरपत्रकं. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची असूनही अक्षर एकाच हाताचं असतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कागद उलटा धरला तरी ओळखतो. तुम्हालाही चार महिन्यांत नजर येईल.

मोजमाप गावाच्या हाती द्या. सिमेंट रस्त्याचं उदाहरण घ्या. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० दर्जाला घनमीटरला साधारण ८ पोती धरली तर साडेतीनशेच्या वर सिमेंटची पोती लागतात. हे आकडे कामाच्या फलकावर मराठीत लिहा. जाडी १५ च्या जागी १० सेंटिमीटर पडली तर काँक्रीट ३० घनमीटरवर येतं, तिसरा हिस्सा गेला. वरून दोन्ही रस्ते सारखेच दिसतात, फरक तीन पावसाळ्यांनी कळतो. म्हणून ओतकाम चालू असताना कडेला पट्टी लावून बघायचं असतं. एका गावात दहावीच्या मुलांना मी हे शिकवलं. मुलं फुटपट्टी घेऊन दिवसभर उभी राहिली आणि रिकामी पोती मोजत बसली. ठेकेदार चिडला, पण त्या रस्त्याला पूर्ण जाडी मिळाली. पुढचे १५ दिवस पोती अंथरून पाणी मारायचं कामही त्याच गल्लीतल्या बायकांनी वाटून घेतलं.

सदस्यांपैकी कुणी टक्केवारीची भाषा केली तर? करतील, असं धरून चला. त्याच्याशी एकट्यानं बोलू नका. विषय मासिक सभेत आणा, इतिवृत्तात लिहून घ्या. बहुमतानं चुकीचा ठराव झाला तर तुमचा विरोध कारणांसह त्याच इतिवृत्तात नोंदवा आणि ते वाचून मगच सही करा. कोऱ्या इतिवृत्तावर किंवा कोऱ्या धनादेशावर कधीही सही नको, मग ग्रामपंचायत अधिकारी कितीही घाईत असोत. महिन्याला एकदा त्यांच्याबरोबर बसून नमुना ५ ची रोखवही आणि बँकेचं पासबुक ओळीनं ताडा. पहिल्या वेळी तीन तास लागतील, नंतर अर्धा. तुम्ही वाचताय एवढं कळलं तरी निम्म्या चुका होण्याआधीच थांबतात. आणि चांगल्या अधिकाऱ्याला याचा आधारच वाटतो. मला वाटायचा. जो सरपंच रोखवही वाचायचा, त्याच्या गावात रात्री शांत झोप लागायची.

ग्रामसभेला गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी ती संख्या. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते म्हणून पहिली सभा मुद्दाम मोडायची आणि आठवड्यानं दहा जणांत सगळं मंजूर करायचं, ही रीत तुमच्याकडे असेल तर ती मोडा. सभेची वेळ मजुरीवरून लोक परततात त्यानंतरची ठेवा. वस्तीवर वॉर्डसभा आधी घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात, त्याला वेळ लागतो, पण झालेला निर्णय मोडायला कुणी जात नाही. तुमच्या २,१०० लोकवस्तीच्या गावात सगळ्यांची सहमती दर वेळी जमणार नाही. निदान पाणी, कर आणि देखभाल या तीन विषयांवर मतदानाची घाई करू नका.

या वर्षाचं मी असं करीन. पाण्याच्या ३ लाख ६० हजारांतून नवी टाकी नाही, तर मोटरला चांगलं विजेचं पॅनेल, गळक्या लाइनची बदली आणि वस्तीनिहाय व्हॉल्व्ह. स्वच्छतेच्या पैशातून आधी बंद पडलेली सांडपाण्याची व्यवस्था आणि शोषखड्डे, नवी घंटागाडी घ्यायची असेल तर तिच्या चालकाचा पगार ठरल्यावरच. अबंधित ४ लाख ८० हजारांतला मोठा भाग जुन्या मालमत्तेच्या दुरुस्तीला: अंगणवाडीचं छत, शाळेचं स्वच्छतागृह, बंद पथदिवे. याची यादी कार्यालयात बसून करू नका. मालमत्ता नोंदवही हातात घेऊन सगळ्या सदस्यांसह, विरोधी पाचांसह, एक दिवस गावफेरी करा. लिहिलेलं आणि दिसणारं यातली तफावत सगळ्यांनी एकदम पाहिली की भांडणाचा सूर बदलतो. आणि आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, तोवर पाण्याचा तक्ता तयार ठेवा.

पेव्हर ब्लॉकला सरळ नकार देऊ नका. देवळासमोर चिखल होतो, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, मागणी खोटी नाही. त्या पाच सदस्यांना सांगा की पाण्याची वसुली ७० टक्क्यांवर गेली की पुढच्या आराखड्यात पहिलं काम तेच घेऊ, तसा ठराव आजच करू. पण पाणी वाहून जायची बाजू आधी काढा, नाहीतर ब्लॉक एका पावसाळ्यात खचतील. त्या पाचांपैकी दोघांना पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत घ्या आणि नमुना ९ ची थकबाकीची यादी त्यांच्या वॉर्डापुरती त्यांच्याच हातात द्या. बघा, कोण कुणाच्या दारी आधी जातं.

वीजबिल, गेल्या तीन वर्षांची पाण्याच्या बंधित निधीची यादी आणि नमुना ९ चा गोषवारा, एवढे तीन कागद हाती आले की नावं-गाव झाकून आकडे कळवा. पाणीपट्टीचा दर आपण तुमच्या खऱ्या आकड्यांवर परत काढू.